मागचा स्पीकर पुन्हा पुन्हा बंद पडतोय? जुन्या हॅचबॅकसाठी समस्या निवारण

नवा स्पीकर बसवला, काही महिने बरा वाजला, आणि पुन्हा तीच खरखर. जुन्या हॅचबॅकमध्ये हे इतक्या वेळा होतं की "मागचा स्पीकर उडालाय, कोणता घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी खरेदी थांबवायला सांगतो. जुना स्पीकर काढून हातात घ्यावा तर तो बऱ्याचदा ठणठणीत निघतो. बिघाड असतो जोडात, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) नाहीतर दाराच्या बिजागरीजवळच्या वायरीत. त्याच जोडावर नवा स्पीकर लावला तर तोही काही दिवसांनी गप्प बसणार. म्हणून आधी फुकटात होणारं तपासा, मग स्क्रू खोला, आणि खर्चाचं सगळ्यात शेवटी.

तुमचा स्पीकर नेमकं काय करतोय?

हात घालण्याआधी गाडीत थोडा वेळ बसून ऐका. इंजिन बंद, काचा वर, रोजच्या ऐकण्यातलं एखादं गाणं, आवाज आधी कमी आणि मग मध्यम. लक्षण नीट पकडलं तर अर्धी शोधाशोध वाचते.

– एक बाजू पूर्ण गप्प, दुसरी व्यवस्थित: कपलर, वायर किंवा स्पीकरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी). शक्यता याच क्रमाने धरा.
– दार लावलं, डिक्की आपटली किंवा खड्डा लागला की आवाज येतो-जातो: स्पीकरला दोष देऊ नका. हा जवळजवळ नेहमी वायरीचा किंवा जोडाचा प्रकार.
– अगदी कमी आवाजातही खरखर, त्यातही बातम्यांसारख्या बोलण्यात जास्त: कॉइल मॅग्नेटला घासतेय.
– फक्त ढोलाच्या ठोक्याला फरफर किंवा थडथड: कोनाची (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याची) कड फाटलीय, नाहीतर स्पीकरच्या आसपासचं काहीतरी सैल आहे.
– दोन्ही वाजतात, पण बास गायब आणि आवाज पोकळ: एका बाजूचे प्लस-मायनस उलटे जोडलेत.
– मागून नुसती घुमघुम, गाणाऱ्याचा आवाजच नाही: स्टिरिओचं सेटिंग.
– आवाज वाढवला की थोड्या वेळाने अख्खा स्टिरिओ बंद, थंड झाला की पुन्हा चालू: वायर बॉडीला टेकतेय, किंवा एकाच चॅनेलवर (स्टिरिओच्या एका आउटपुटवर) दोन स्पीकर लादलेत.

एक्सिलरेटर दाबला की बारीक शीळ चढत जाते, हे दुखणं वेगळं. बाहेरून अॅम्प्लिफायर लावलेल्या गाडीत ते अर्थिंगचं किंवा सिग्नल वायरीच्या मार्गाचं असतं. स्पीकर बदलून ते जाणार नाही, आणि त्याचा उपायही इथे नाही.

सगळ्यात आधी स्टिरिओची सेटिंग

फेडर (आवाज पुढे-मागे वाटणारं सेटिंग) आणि बॅलन्स (डावी-उजवीकडे वाटणारं) मध्यावर आणा. मग फेडर पूर्ण मागे न्या आणि बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवा. यातून कोणता कोपरा खराब आहे ते नक्की होतं. पुढचे स्पीकर चालू असताना मागचं दुखणं कानाला फसवतं. मुलांनी बटणं दाबली, बॅटरी बदलली, फेडर पुढे राहिला, इतक्या साध्या कारणाने "दोन्ही स्पीकर गेले" म्हणून गाडी दुकानात पोचलेली मी पाहिली आहे.

नंतर मेनूत मागच्या आउटपुटचं सेटिंग बघा. बऱ्याच बाजारी (कंपनीचा सोडून बाहेरून बसवलेल्या) स्टिरिओंमध्ये मागची जोडी नेहमीच्या स्पीकरसाठी की सबवूफरसाठी (फक्त बास वाजवणाऱ्या स्पीकरसाठी), असा पर्याय असतो. तो सबवूफरवर असेल तर मागे फक्त खालचे सूर जातात. वर सांगितलेली घुमघुम ती हीच. बास बूस्ट आणि लाउडनेसही बंद करून बघा. जुना पातळ स्पीकर त्या दोन बटणांनीच फडफडतो.

शेवटी स्रोत बदला. ब्लूटूथवर खरखर आणि रेडिओवर स्वच्छ, असं असेल तर मागे काही उघडायची गरज नाही.

ट्रे आणि त्यावरचा संसार

मागच्या पार्सल ट्रेमध्ये अंडाकृती ६ x ९ इंची स्पीकर असतील तर आधी ट्रे रिकामा करा. छत्री, टिश्यूचा डबा, काळा चष्मा, सगळं खाली. मग बास असलेलं गाणं लावून ट्रेवर, बाजूच्या आधारांवर, जाळीवर एकेक ठिकाणी तळहात दाबा. जिथे दाबल्यावर थडथड थांबते तिथेच काम आहे. ट्रे वर उचलणाऱ्या दोऱ्यांचे प्लास्टिकचे हुकसुद्धा डिक्कीच्या दाराला लागून वाजतात.

कारखान्यातून आलेला ट्रे बहुधा दाबलेल्या फायबरचा, पातळ आणि हलका असतो. त्याच्यावर जड मॅग्नेटची जोडी लटकवली की मध्ये झोळ पडतो, स्क्रूची भोकं मोठी होतात आणि स्पीकर सैल होतो. मोठे वॉशर टाकून किंवा खालून प्लायची पट्टी लावून काम भागतं. ट्रे दोन्ही बाजूंच्या खाचांत घट्ट बसतोय ना, हेही बघा. कारण आवाजापेक्षा मोठं आहे: जोरात ब्रेक लागला तर सुटा ट्रे स्पीकरसकट मागे बसलेल्यांच्या डोक्याकडे येतो.

कपलर: बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो

हॅचबॅकचा ट्रे मोठं सामान भरताना काढावा लागतो, म्हणून स्पीकरच्या वायरीत ओढून सुटणारा कपलर असतो. तो वर्षानुवर्षं काढ-घाल सोसतो. आतल्या पितळी पिना काळ्या पडतात, मादीकडची (पिन आत घेणाऱ्या बाजूची) पकड सैल होते, आणि एखादी पिन कपलरच्या घरात मागे सरकते. बाहेरून कपलर अगदी "कट्" आवाज करून बसतो, पण आत पिनेला पिन टेकतच नाही. काही गाड्यांत ट्रेच्या कडेला आणि बाजूच्या आधारावर नुसत्या स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. ट्रे बसवला की त्या एकमेकींवर टेकतात. तिथेही तीच काजळी.

गाणं चालू ठेवून कपलर हलकेच हलवा. आवाज आला-गेला तर स्टिरिओ बंद करा, कपलर सोडा आणि टॉर्च मारून आत बघा. काळसर थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. सैल मादी पिन बारीक टोकाच्या पकडीने किंचित आवळा. किंचितच, कारण जुनं पितळ कडक होतं आणि कडेला चीर जाते. मागे सरकलेली पिन पुढे ढकलून तिची छोटी जीभ अडकतेय का बघा.

स्पीकरच्या अंगाला जे चपटे टर्मिनल असतात त्यांत साधारणपणे रुंद तो प्लस आणि अरुंद तो मायनस. त्यावरची टोपी सैल झाली असेल तर तीही आवळून घ्या.

आणि हो, इन्सुलेशन टेप गुंडाळलेला पिळाचा जोड दिसला तर तो चालतोय की नाही याचा विचार न करता कापा. मागच्या काचेतून ऊन येतं, डिंक पाघळतो, टेप घसरते आणि तांबं उघडं पडतं. असा जोड आज खरखर करतो, उद्या बॉडीला टेकून स्टिरिओ घेऊन जातो. सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा, किंवा चांगल्या क्रिंप पकडीने स्लीव्ह दाबा. हीट श्रिंक जोड करण्याआधी वायरीत ओवायची असते, नाहीतर सगळं पुन्हा सोडावं लागतं.

अदलाबदल

दोन्ही कपलर स्वच्छ, तरी एक बाजू गप्प? स्टिरिओ बंद करून डावा आणि उजवा स्पीकर आपसात बदला. ट्रेमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे. दोष स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर स्पीकर खराब. दोष त्याच बाजूला राहिला तर वायर किंवा स्टिरिओ. ही एक तपासणी पैसे वाया जाण्यापासून जितकं वाचवते तितकं दुसरं काही वाचवत नाही, म्हणून स्पीकर दारात असला आणि पॅड (दाराचं आतलं आवरण) काढावं लागणार असलं तरी मी ती टाळत नाही.

सेल आणि बोटं

स्पीकर वायरीतून पूर्ण सोडवा. साधा १.५ व्होल्टचा सेल घ्या आणि दोन वायरींची टोकं स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवून सोडा. "खट्" असा आवाज आणि कोनाची हालचाल दिसली पाहिजे. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. सेल टेकवून धरून ठेवू नका, कॉइल विनाकारण तापते. स्टिरिओ जोडलेला असताना हा प्रयोग अजिबात नको.

मग दोन्ही हातांची बोटं कोनावर मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबा. हालचाल तेल लावल्यासारखी हवी. बारीक "खर्र" ऐकू आलं, बोटांना घासल्याची जाणीव झाली, तर कॉइल वाकडी झालीय किंवा जळून फुगलीय. हा स्पीकर गेला. कोनाची कड बोटाने चाचपा. फोमची असेल तर उन्हाने आणि दमटपणाने तिचा भुगा होतो, बोटाला चिकटून येते. रबरी कड जास्त टिकते. फोमची कड बदलण्याचे किट मिळतात, पण साध्या कारखानी स्पीकरवर तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

मल्टिमीटर

इथपर्यंत मल्टिमीटर लागला नाही. आता लागेल. स्पीकर सुटा असताना टर्मिनलांत ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. मीटरच्या स्वतःच्या वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर चांगल्या स्पीकरवर शंका घ्याल. काहीच आकडा नाही म्हणजे कॉइल तुटली. १ ओहमच्या आसपास म्हणजे आत शॉर्ट, आणि तो स्पीकर स्टिरिओला पुन्हा जोडायचा नाही.

दारातली वायर

मागचे स्पीकर दारात असतील तर दार आणि खांब यांच्यामधला रबरी बूट हा माझा पहिला संशयित. दार उघड-बंद होताना आतली वायर रोज तिथेच वाकते. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. बूट एका बाजूने सोडवून सरकवा आणि एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. मीटर लावून ठेवला आणि दार हळूहळू हलवलं की आकडा उड्या मारतो. जोड बूटाच्या आत, वाकणाऱ्या जागी करू नका. दोन्हीकडे थोडी नवी लवचीक वायर घालून जोड वाकणाऱ्या भागाबाहेर न्या. ०.७५ ते १ चौरस मिमीची बहुतारी वायर पुरेशी आहे.

दाराचं पॅड काढताना आधी हँडलच्या वाटीत, आर्मरेस्टखाली, टोपीखाली लपलेले स्क्रू शोधा. "क्लिपच अडलीय" म्हणून ओढलेलं पॅड बहुधा न काढलेल्या स्क्रूपाशी तुटतं. काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्यामागे घोड्याच्या नालेसारखी छोटी क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत सुती कापडाची पट्टी घालायची आणि दोन्ही टोकं धरून दाढीचा वस्तरा पाजळावा तशी इकडून तिकडे ओढायची. क्लिप सुटून उडते, म्हणून दुसरा हात आडवा धरा.

पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा फाडू नका. दाराच्या आत पावसाचं पाणी नेहमीच येतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. पडदा नीट नसेल तर तेच पाणी गाडीच्या कार्पेटमध्ये उतरतं. चार महिन्यांनी कुबट वास येतो आणि कोणालाही स्पीकरचं काम आठवत नाही.

स्टिरिओच्या मागे

स्पीकर बरा, दारातली वायर बरी, तरी आवाज नाही, तर स्टिरिओ बाहेर काढावा लागतो. त्याआधी दोन गोष्टी. कंपनीच्या काही जुन्या स्टिरिओंना बॅटरी सोडल्यावर पुन्हा चालू करायला कोड लागतो. तसा असेल तर कोड हातात असल्याशिवाय बॅटरी सोडू नका. कोड असेल किंवा लागतच नसेल तर दहाच्या पान्याने बॅटरीची मायनस नक्की सोडा, कारण चावी काढली तरी स्टिरिओमागच्या एका वायरीत १२ व्होल्ट कायम असतात.

बाजारी स्टिरिओच्या हार्नेसमध्ये (मागून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात) साधारणपणे मागच्या डाव्या स्पीकरच्या वायरी हिरव्या आणि मागच्या उजव्याच्या जांभळ्या असतात. काळी रेघ असलेली ती मायनस. कपलर सोडून या जोडीच्या गाडीकडच्या टोकांवर पुन्हा सेलचा "खट्" करा. आवाज आला तर वायर आणि स्पीकर दोन्ही पास. आवाज नसेल तर मधली वायर तुटलीय. याच टोकांपासून बॉडीपर्यंत ओहम मोजा, काहीच आकडा यायला नको. आला तर वायर कुठेतरी सोलली आहे. मागच्या सीटच्या बिजागरीखाली आणि उंबऱ्याच्या पट्टीखाली आधी शोधा.

स्पीकरची मायनस म्हणजे बॉडीचं अर्थ, हा समज अनेक स्टिरिओंचा जीव घेतो. आजच्या स्टिरिओत दोन्ही वायरींवर आवाज जातो, आणि प्रत्येक वायरीवर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट असतात. "एक वायर तुटलीय ना, मग बॉडीवरून मायनस घेऊ" असं केलं की आउटपुटचा आयसी (स्पीकरला ताकद देणारी चिप) एकतर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो, किंवा कायमचा जातो.

आवाज वाढवल्यावर स्टिरिओ बंद होत असेल तर कोणीतरी आधी दारातल्या स्पीकरच्याच वायरीवरून ट्रेच्या स्पीकरला फाटा काढलाय का बघा. दोन ४ ओहमचे समांतर जोडले की २ ओहम होतात, आणि साधा स्टिरिओ त्याने तापतो. एक जोडी सोडा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मागच्या खांबाच्या किंवा बाजूच्या ट्रिमखाली पिवळा कपलर किंवा पिवळं वेष्टण दिसलं की हात मागे घ्या. ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेची वायर असते. तिला मल्टिमीटर लावणंसुद्धा धोक्याचं आहे. सीटबेल्टचा बोल्ट सोडल्याशिवाय पॅनेल निघत नसेल तरी वर्कशॉपमध्येच जा, तो बोल्ट ठराविक जोरानेच आवळावा लागतो.

स्पीकर पूर्ण सोडवून, बॅटरी परत जोडून, स्टिरिओ चालू करून एका जोडीच्या दोन वायरींमध्ये डीसी व्होल्ट मोजा. शून्याच्या जवळ हवेत. एक-दोन व्होल्टसुद्धा असतील तर आउटपुटचा आयसी गेलाय आणि नवा स्पीकर लावला तर त्याचीही कॉइल जळेल. हे काम स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्याचं. फ्यूज बदलल्यावर लगेच पुन्हा उडत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर जास्त अँपिअरचा फ्यूज टाकून बघण्याचा मोह टाळा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.

खरोखर बदलायचाच असेल तर

जुना स्पीकर काढून मापं घ्या, गाडीच्या मॉडेलवर विसंबू नका. भोकाचा व्यास, स्क्रूंमधलं अंतर आणि खोली, ही तीन मापं हवीत. दारात खोली मोजताना काच पूर्ण खाली घ्या, नाहीतर मॅग्नेट काचेला लागतो. जाळी आणि स्पीकर यांच्यातली जागाही बघा, कारण मध्ये ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) असलेले स्पीकर वर डोकावतात. स्पीकर भोकात बसवायला रिंग लागली तर दारात प्लास्टिकची घ्या. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचं बोर्ड) पाण्याने फुगतं.

डब्यावरच्या मोठ्या वॅटना भुलू नका. स्टिरिओवर लिहिलेले ४ x ५० वॅट हे १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमवर, आवाज पूर्ण फाटल्यावरचं गणित आहे. स्वच्छ आवाजात प्रत्येक चॅनेलला साधारण १५ ते २० वॅटच मिळतात. म्हणून सेन्सिटिव्हिटीचा (ठराविक ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा) आकडा बघा, ९० डेसिबल किंवा वर असेल तर बरं. ३ डेसिबल जास्त मिळणं म्हणजे अॅम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा घेतल्यासारखं. बाहेरचा अॅम्प्लिफायर नसेल तर २ किंवा ३ ओहमचे स्पीकर टाळा.

मूळ स्पीकर रिव्हेटने बसवलेला असेल तर ड्रिलने फक्त रिव्हेटचं डोकं उडवा. लोखंडाचा कीस लगेच व्हॅक्यूमने काढा, नवा मॅग्नेट तो ओढून घेतो. उघड्या पत्र्याला रंगाचा हात द्या. स्पीकरच्या मागे फोमची पट्टी लावा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकाच कोपऱ्यात जोर लावला की फ्रेम पिळते आणि कॉइल घासायला लागते.

पॅड किंवा जाळी बसवण्याआधी फेडर मागे, बॅलन्स मध्ये ठेवून बास असलेलं गाणं लावा. मग एका स्पीकरचे प्लस-मायनस मुद्दाम उलटे करून बघा. ज्या जोडणीत बास भरीव लागतो ती कायम ठेवा आणि मगच क्लिपा दाबा.